मौनातली आवराआवर

सकाळी अंघोळ झाल्यावर रुद्राणीनं कपाळाला विभूती लावली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केली आणि तोंड मिटलं. आता ते दिवेलागणीलाच उघडायचं होतं. कार्तिकातल्या सोमवारी मौन पाळायचं, असं तिनं यंदा धरलं होतं आणि हा शेवटचा सोमवार होता. मौनाचे नियम निपाणीच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवले होते. खूण करायची ती गरजेपुरती. लिहायचं तर मुळीच नाही, कारण हातानं बोललं तरी ते बोलणंच. मनातल्या मनात बोललेलं धरतात की नाही, एवढं मात्र आईला विचारायचं राहून गेलं होतं.

हे मौन तिनं धरलं होतं एका खोलीसाठी. लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या या भाड्याच्या घरात आल्यापासून तिची पूजा जिन्याखाली होती. वरच्या मजल्यावरचं कुणी धडधडत उतरलं की वरून चुन्याची भुकटी पडायची, ती कधी बेलाच्या पानावर, कधी तिच्या डोक्यावर. मान वाकवून बसायची इतकी सवय झाली होती की मठात गेल्यावर डोक्यावर छत उंच असलं तरी ती वाकूनच बसे. कसबा बावड्यात प्लॉट घेतला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, प्रभुलिंगनं, शब्द दिला होता, "तुझ्या पूजेला येगळी खोली. डोकं वर करून बसायचं. काय?" त्या एका शब्दावर रुद्राणीनं बाकीच्या कितीतरी गोष्टी ऐकून घेतल्या होत्या.

आणि ती खोली तिनं डोळ्यांनी पाहिलीसुद्धा होती. कॉम्प्युटरमध्ये.

त्याचं असं झालं होतं. त्यांची मुलगी शांभवी सांगलीला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकत होती. कॉम्प्युटर तिचा, पण घरी हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला. त्यात तिचा एक गेम होता. त्या गेममध्ये आपण घर बांधायचं, आत भिंती घालायच्या, खाटा, टेबलं मांडायची आणि मग माणसं राहायला सोडायची. ती माणसं आपापली जेवत, भांडत, झोपत. महापालिकेकडून बाहेरचा नकाशा मंजूर झाला, तरी आतल्या भिंती कुठं घ्यायच्या यावर घरात एकमत होईना, तेव्हा शांभवीनं बावड्याचं घर या गेममध्ये बांधून दाखवलं. मग तिचे अप्पा, म्हणजे प्रभुलिंग, म्हणाले न्हाणीघर हलव, तिनं दुसरं बांधलं. अव्वा, म्हणजे रुद्राणी, म्हणाली ओटा पूर्वेकडं घे, तिनं तिसरं बांधलं. अशी घरं वाढतच गेली. बाहेरून सगळी एकसारखी, फरक सगळा आत.

कॉन्ट्रॅक्टर हंबीररावांना तर ही पद्धत फारच आवडली होती. "निळ्या कागदावर भिंत म्हंजे नुसती रेघ की वो," ते म्हणायचे. "हितं बघा, माणूस दारातनं आत येतंय, जिना चढतंय, आंघूळ करतंय. घर कसं हाय ते त्या माणसाच्या चालण्यावरनंच कळतंय."

शेवटच्या घरात शांभवीनं अव्वाची पूजेची खोली केली होती. ईशान्येचा मोठा कोपरा, चांगली खिडकी असलेला, अप्पांच्या ऑफिसला गेला होता. प्रभुलिंगचं नटबोल्टचं दुकान लक्ष्मीपुरीत, माल जायचा शिरोलीच्या कारखान्यांना. घरी एक ऑफिस असावं, त्यात फिरती खुर्ची आणि काचेचं टेबल असावं, हे त्याचं फार जुनं स्वप्न होतं. पूजेची खोली त्या ऑफिसच्या कडेला, कपाटापेक्षा जरा मोठी. गेममध्ये देव मिळत नव्हते, म्हणून शांभवीनं एका चौरंगासारख्या टेबलावर छोटा दिवा ठेवला होता. गेममध्ये साडीही मिळत नव्हती, त्यामुळे पडद्यावरची रुद्राणी पायघोळ झगा घालून त्या दिव्यासमोर उभी राही. तरी ते पाहिलं की खरी रुद्राणी हात जोडायची. लहान तर लहान. छताला डोकं लागत नव्हतं.

तर हा शेवटचा सोमवार. दुकान बंद असल्यामुळं प्रभुलिंग घरीच होता, आणि घरी असला की तो काहीतरी आवरायला काढायचा.

"संध्याकाळी हंबीरराव येणार हायत," त्यानं जाहीर केलं. "एकदा शेवटचं बघत्यात, आन् परवा प्लॉटवर फक्की मारत्यात. एकदा चुन्यानं भिंती आखल्या की आखल्या. मग बदल न्हाई."

रुद्राणीनं मान हलवली.

"गेल्या टायमाला काय झालं आठवतंय न्हवं? मी भलतंच घर उघडलं."

आठवत होतं. शांभवीच्या मैत्रिणीनं केलेला, चार खांबांचा, पोहायच्या तलावाचा राजवाडा उघडला होता. हंबीररावांनी तो सगळा नीट बघितला होता आणि शेवटी काळजीनं म्हणाले होते, "शेठ, ह्याला सिमीट लई लागंल."

"तसं आज हुयाला नको," प्रभुलिंग कॉम्प्युटरवरचा रुमाल काढत म्हणाला. "पोरगीनं त्या फ्लॉपीवरनं आवराआवरीचा प्रोग्राम आणून टाकलाय बघ. समदी घरं एका रांगंत दिसत्यात. नको ती काढून टाकायची. मी आवरतो."

शांभवीनं तो छोटासा प्रोग्राम राजारामपुरीतल्या नेट कॅफेतून आणला होता, हे खरं. गेममध्ये घरांची इतकी गर्दी झाली की हवं ते सापडेना, म्हणून. त्यात प्रत्येक घराचा समोरून काढलेला फोटो दिसे, खाली नाव. घराला नाव देता येई, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवता येई, नको असलं तर काढता येई. पण जाताना ती बजावून गेली होती, "अप्पा, ह्याला हात लावू नका. मी आले की करते." हे वाक्य प्रभुलिंगला सांगितलं होतं, म्हणून ते फक्त रुद्राणीच्या लक्षात होतं.

ती पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली.

पडद्यावर घरांची रांग लागली होती. प्रभुलिंगनं चष्मा पुढं ओढून ती न्याहाळली आणि त्याच्यातला दुकानदार जागा झाला. दुकानात त्याची एक रीत होती. प्रत्येक डब्याच्या तोंडाशी आतल्या मालाचा एक नमुना तारेनं बांधलेला. गिऱ्हाईकानं नमुना बघायचा, डबा उघडायचा नाही. एका जातीचा नमुना एकच. दोन नमुने लागले की गिऱ्हाईक विचारतं, ह्यात नि त्यात फरक काय, आणि पुढचा अर्धा तास जातो.

"आता ही बघ," तो म्हणाला. "ह्यो फोटो बघ, आन् ह्यो बघ. दार तेच, खिडकी तीच, गच्ची तीच. येकच माल हाय की! पोरगीनं येका घराच्या धा-बारा नकला करून ठेवल्यात."

रुद्राणी पुढं सरसावली. तिनं जोरजोरात मान हलवली.

"न्हाई कसं? नाव बघून माल घेऊ नये, माल बघून घ्यावा. नमुना एक ठेवायचा, पहिला. बाकीचा काढायचा." आणि राजवाडा आधी उडवून त्यानं पहिलं घर ठेवलं, दुसरं काढलं. पडद्यावर चौकट आली, नक्की काढायचं का म्हणून. "एकदा सांगितलं न्हवं?" प्रभुलिंग चौकटीला म्हणाला आणि कळ दाबली.

रांगेतलं शेवटचं घर तिचं होतं. शांभवीनं ते बोट लावून दाखवलं होतं. प्रभुलिंग डावीकडून एकेक घर काढत त्याच दिशेनं निघाला होता, आणि काम आवडीचं असल्यामुळं गाणं गुणगुणत होता.

एक शब्द बोललं असतं तर भागलं असतं. 'थांबा' एवढंच. तो शब्द रुद्राणीच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. पण मौन धरलं ते ह्याच खोलीसाठी. दिवेलागणीला काही तास उरलेले असताना ते मोडायचं, आणि मग कुठल्या तोंडानं देवाला म्हणायचं की खोली दे? आणि न मोडावं, तर खोली डोळ्यांदेखत चाललेली. तिनं शब्द गिळला आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

"काय गं?"

तिनं शेवटच्या घराकडं बोट केलं आणि हात जोडले.

"कोण आलंय?" प्रभुलिंगनं दाराकडं बघितलं. "कोण न्हाई की." आणि आणखी एक घर गेलं.

बटण बंद करावं म्हणून तिचा हात भिंतीकडं गेला, तोच तिला शांभवीचं दुसरं वाक्य आठवलं. चालू असताना मध्येच बंद केला तर सगळंच जाईल, अव्वा. हात मागं आला. आता रांगेत दोनच घरं राहिली होती, पहिलं आणि शेवटचं. रुद्राणीनं नवऱ्याच्या समोर येऊन गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं, त्याला दाखवलं, पडद्यावरच्या तिच्या घराला बोट लावलं आणि कळवळून पुन्हा हात जोडले.

प्रभुलिंगचा चेहरा उजळला. "असं व्हय! आधीच सांगायचं न्हाई? देवाचं नाव घिऊन दाबू म्हंतीस. बराबर हाय, शेवटचं हाय हे." त्यानं डोळे मिटले. "ओम नमः शिवाय," म्हणाला आणि कळ दाबली.

घर गेलं. आतला छोटा दिवा घेऊन गेलं.

रुद्राणी तरातरा निघाली. जिन्याखाली गेली आणि काय करावं ते न सुचून पूजेतली घंटा उचलून वाजवायला लागली. बोलायचं नाही, पण घंटेला कुणाची बंदी नव्हती. ती इतका वेळ आणि इतक्या जोरात वाजली की वरच्या मजल्यावरच्या चिमणाबाई जिन्यावरून धडधडत खाली आल्या. थोडा चुना पडला.

"आरती हाय व्हय अक्का? ह्या टायमाला?" चिमणाबाईंनी डोक्यावर पदर घेत विचारलं. मग रुद्राणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्या थबकल्या. "अगो बया! काय झालं वो दाजी?"

"काय न्हाई. मी घरं आवरत बसलोय, हिला आनंद झालाय."

"आनंद असा असतोय व्हय? बाजूला व्हा तुमी. अक्का, मला सांगा. खुणंनंच सांगा. माझी सासू शेवटची दोन वर्सं बोलत न्हवती, मला समदं कळायचं."

रुद्राणीला धीर आला. तिनं आधी स्वतःच्या छातीला हात लावला. मग हात जोडले. मग हवेत चारी बाजूंनी चार भिंती काढल्या. मांडी घालून, डोळे मिटून बसून दाखवलं. मग उठून प्रभुलिंगकडं बोट केलं आणि हाताचा पंजा आडवा फिरवून सगळं पुसलं गेल्याचं दाखवलं. तिच्या मते याहून स्पष्ट तोंडानंही सांगता आलं नसतं.

चिमणाबाई सगळं एकटक बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"दाजी," त्या म्हणाल्या, "आता मन घट्ट करा."

"का? काय म्हंतीया?"

"अक्का म्हंत्यात, मी आता ह्या चार भिंतींना हात जोडले. मठात जाऊन डोळं मिटून बसनार. आन् तुमचा माझा संबंध," चिमणाबाईंनी पंजा आडवा फिरवला, "संपला!"

रुद्राणीनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"बघा, नशिबाला पण दोष देत्यात," चिमणाबाई म्हणाल्या.

प्रभुलिंग खुर्चीत खचला. "मठात? आता? घर बांधायला काढल्यावर?" बायको दर सोमवारी गप्प बसते ती देवासाठी, असं तो समजत होता. आता त्याला वाटायला लागलं की ती एकेका सोमवारी एकेक दोर कापत आली असणार. त्याला आपले सगळे गुन्हे आठवायला लागले. परवा आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं होतं. तिच्या भावाच्या वास्तुशांतीला दुकान सोडून गेला नव्हता. "अगं, मी काय केलं ते तर सांग," तो म्हणाला.

रुद्राणीनं कॉम्प्युटरकडं बोट केलं.

"कॉम्प्युटरवर बसतो म्हणून? बसत न्हाई! आजपास्नं हातबी लावत न्हाई!" आणि त्यानं घाईघाईनं त्याच्यावर रुमाल टाकला.

मग त्यानं सांगलीला हॉस्टेलवर फोन लावला. शांभवीला बोलावून आणेपर्यंत तो तोंडावर हात धरून उभा होता. "बाळ, तू आत्ताच्या आत्ता निघून ये," तो दबक्या आवाजात म्हणाला. दबका म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत. "तुझी अव्वा मठात निघालीया... कायमची!... भांडण न्हाई गं. मी काय बोललो न्हाई, ती तर बोलतच न्हाई... चिमणाबाईंनी खुणा वाचल्या. बरं, दुपारचा पेपर तेवढा दे आन् मिळंल त्या गाडीनं ये."

दुपारची जेवणं कशीबशी उरकली. प्रभुलिंगनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः घासलं. रुद्राणीनं पाणी प्यायला तांब्या उचलला तरी तो दाराशी जाऊन उभा राही. एकदा तिनं दोरीवरचं लुगडं घडी करायला काढलं, तर चिमणाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे अक्का. लुगडी बांधायची घाई करू नगा. पोरगीचं तोंड बघून जावा." रुद्राणीनं त्यांच्याकडं असं बघितलं की मनातल्या मनात बोललेलं जर मौनात धरत असतील, तर तिचं मौन तिथंच मोडलं असणार.

उन्हं कलली आणि हंबीरराव आले. फटफटी दारात लावून, टोपी काढून आत आले.

"शेठ, दावा बघू तेवढं घर. म्हंजे परवा सकाळी गडी लावून फक्की मारून टाकतो."

प्रभुलिंगनं बायकोकडं बघितलं. ती सरळ कॉम्प्युटरकडं गेली, तिनं स्वतःच्या हातानं रुमाल काढला आणि बाजूला उभी राहिली. प्रभुलिंगला ते चांगलं लक्षण वाटलं. त्यानं गेम लावला. आता गल्लीत घर एकच होतं, चुकायचा प्रश्नच नव्हता. घर उघडलं, छप्पर बाजूला झालं, आतल्या खोल्या दिसायला लागल्या.

हंबीरराव वाकून बघत राहिले. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"वैनींची पूजंची खोली कुठं गेली वो?"

"हाय की तिथंच. हापिसाच्या कडंला."

"कडंला भिंत हाय. हितं नुसतं हापिसच हाय, कोपरा धरून. मागच्या टायमाला हितं ह्यो एवढासा दिवा हुता. त्यो बी न्हाई."

प्रभुलिंग बघत राहिला. ईशान्येचा सगळा कोपरा ऑफिसनं व्यापला होता. मध्ये फिरती खुर्ची. हे शांभवीनं पहिल्यांदा बांधलेलं घर होतं, पूजेची खोली त्यात घालायच्या आधीचं. हाच तो नमुना. बाहेरून सगळं तेच, दार तेच, खिडकी तीच, गच्ची तीच.

आणि मग सकाळपासूनच्या खुणा एकापाठोपाठ एक त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी. पूजा. खोली. बसायचं. तुम्ही पुसली. हात जोडले होते ते थांबा म्हणून. आणि आपण देवाचं नाव घेऊन दाबली होती कळ.

"चिमणाबाई," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "ती मठात जात न्हवती."

"मग?"

"मी तिची खोली पुसली."

चिमणाबाईंनी तोंडाला पदर लावला. हंबीररावांनी उगाच टोपी झटकली. प्रभुलिंग बायकोसमोर उभा राहिला आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण आज बहुधा मौन त्यालाच लागलं असावं.

रुद्राणी त्याच्याजवळून निघून जिन्याखाली गेली. तिथून रांगोळीचा डबा घेऊन अंगणात उतरली. रोज दिवेलागणीच्या आधी ती दारात सडा घालून रांगोळी काढायचीच, तो काही बोलण्याचा भाग नव्हता. तिनं अंगण झाडलं, पाणी शिंपडलं, पदर खोचला आणि दारापाशी बसून पहिली रेघ ओढली. सरळ, लांब. मग तिला काटकोनात दुसरी.

"पद्म काढायला लागल्या वाटतं," चिमणाबाई म्हणाल्या.

"थांबा थांबा," हंबीरराव खाली उकिडवे बसले. "पद्म न्हवं हे. ह्यो पुढचा दरवाजा न्हवं वैनी?"

रुद्राणीनं मान हलवली. बोटांच्या चिमटीतून पांढऱ्या भिंती उतरत होत्या. हॉल झाला. स्वयंपाकघर झालं, तिथं ओट्याची आडवी रेघ, पूर्वेकडं. न्हाणीघर मागच्या बाजूला. हंबीरराव रेघांच्या कडेकडेनं पाऊल टाकत मापं घ्यायला लागले, तोंडानं पुटपुटत. "ह्ये कॉम्प्युटरपरास बेस हाय की," ते म्हणाले. "ह्यात चालता तर येतंय."

मग ती ईशान्येच्या कोपऱ्याशी आली. तिथं मात्र तिची चिमूट जरा थांबली. तिनं एकदा जिन्याखालच्या कोनाड्याकडं बघितलं. एकदा नवऱ्याकडं बघितलं. तो खांबाला टेकून, अपराध्यासारखा उभा होता. चिमूट पुढं सरकली. आणखी पुढं सरकली. कपाटाएवढ्या खोलीची रेघ जिथं वळायला हवी होती तिथं ती वळली नाही, अगदी खिडकीच्या पलीकडं जाऊन वळली. सगळा कोपरा एका चौकोनात आला. चौकोनाच्या मध्ये तिनं ठिपका दिला आणि त्याच्यावर चिमूटभर हळद टाकली.

"लई प्रशस्त खोली हाय की पूजंची," हंबीरराव कौतुकानं म्हणाले. "मागं मला बारीक वाटली हुती."

"ती... एवढी..." प्रभुलिंग पुढं आला. "एवढी न्हवती बहुतेक."

"मग केवढी हुती? दावा," चिमणाबाई म्हणाल्या.

दाखवायला काही उरलं नव्हतं. प्रभुलिंगनं आतल्या कॉम्प्युटरकडं बघितलं, अंगणातल्या हळदीच्या ठिपक्याकडं बघितलं आणि मागं सरकला. "असंल," तो म्हणाला. "तिच्याच ध्यानात असणार. तिचीच खोली."

"आन् मग तुमचं हापीस कुठं?" हंबीररावांनी विचारलं.

रुद्राणी पुढं सरकली. तिनं जिन्याची तिरपी रेघ ओढली आणि तिच्याखाली एक बारका चौकोन काढला. आत खुर्चीसाठी एक टिंब दिलं.

हंबीररावांनी वाकून बघितलं. "जिन्याखाली? ह्यात माणूस ताठ बसायचा न्हाई, शेठ. मान वाकवून बसाय लागंल."

प्रभुलिंगनंही वाकून ते टिंब बघितलं. वरून कुणीतरी जिना उतरल्यासारखं त्यानं नकळत डोक्यावरून हात फिरवला. मग बायकोकडं बघून, जरा हसून म्हणाला, "सवय हुती. बसतंय माणूस. फक्की मारा."

दिवेलागण झाली. रुद्राणीनं जिन्याखाली दिवा लावला, इष्टलिंगाला बेल वाहिला, नमस्कार केला. आता ती बोलणार. तिघंही तिच्या तोंडाकडं बघत उभे होते. प्रभुलिंगनं तर मार खायच्या आधी पोरं करतात तसे डोळे बारीक केले होते.

"च्या टाकू का सगळ्यांना?" रुद्राणी म्हणाली.

आधण उकळलं तेवढ्यात शांभवी रिक्षातून उतरली आणि रांगोळीच्या स्वयंपाकघरातून उडी मारून खऱ्या स्वयंपाकघरात आली. "अव्वा! तू मठात..." म्हणून तिनं आईला मिठीच मारली. सगळी हकीगत कळल्यावर ती आधी हसली, मग रडली, मग कपाळावर हात मारून घेत कॉम्प्युटरसमोर बसली.

"अप्पांना सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. आणि तो प्रोग्राम काही पुसत नाही गं लगेच. काढलेलं सगळं एका पेटीत टाकून ठेवतो, अडगळीच्या." तिनं ती पेटी उघडली. काढलेली घरं एकावर एक पडली होती. "हे बघ. हे तुझं."

रुद्राणी चहाचा ट्रे हातात घेऊन लेकीच्या मागं उभी राहिली. पडद्यावर घर उघडलं. कपाटापेक्षा जरा मोठी खोली, तिच्यात टेबल, टेबलावर दिवा. शेजारी ऐसपैस ऑफिस, चांगली खिडकी, फिरती खुर्ची. शांभवीनं ते बघितलं. मग तिनं दारातून बाहेर अंगणात बघितलं, जिथं बाहेरच्या दिव्याच्या उजेडात हंबीरराव हळदीच्या ठिपक्याभोवती पावलं मोजत होते आणि अप्पा रांगोळीतल्या जिन्याखालच्या चौकोनात उकिडवे बसून, मान वाकवून बघत होते, जमतंय का ते. मग तिनं पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"अव्वा," ती हळूच म्हणाली.

"शांभवी!" अंगणातून प्रभुलिंगची हाक आली. "सापडलं काय गं ते घर?"

शांभवीनं मान वळवून आईकडं बघितलं. रुद्राणीचं मौन सुटून चांगला वेळ झाला होता. तरी ती काही बोलली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला, पडद्यावरच्या छोट्या दिव्याला हात जोडले आणि गळ्यातलं इष्टलिंग डोळ्यांना लावलं.

आईच्या खुणा घरात एकट्या शांभवीलाच नीट वाचता यायच्या.

"ओम नमः शिवाय," ती म्हणाली आणि तिनं पेटी रिकामी करायची कळ दाबली.